कडू औषध कुणाच्या घशात गेलं?

जुलैत, देशाचा बाजार खुला करणाऱ्या १९९१च्या अर्थसंकल्पाची आठवण निघाली की आमच्या कोथरूडच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. ‘सोनं गहाण पडलं, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी मानल्या, कडू औषध घेतलं आणि गरिबी हटली. ज्या देशांनी ते घेतलं ते वर आले. अनुदानं कापल्यामुळे मदत खऱ्या गरिबापर्यंत पोचली.’ यंदा अकरावीतल्या माझ्या भाच्याने तो पाठवून विचारलं, ‘मामा, हे असंच आहे ना?’ नाही रे, असं नाही.

सोनं गहाण पडलं, हे खरं. जुलै १९९१मध्ये सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे गेलं. आयातीला जेमतेम काही आठवडे पुरेल एवढंच परकीय चलन उरलं होतं, तेव्हा काहीतरी करणं भागच होतं.

पण ‘त्यामुळे गरिबी हटली’? तेंडुलकर समितीच्या मोजणीने १९९३-९४मध्ये ४५.३ टक्के लोक गरीब होते, २००४-०५मध्ये ३७.२ आणि २०११-१२मध्ये २१.९. म्हणजे पहिल्या अकरा वर्षांत आठ टक्क्यांची घट आणि पुढच्या सात वर्षांत पंधराची. त्या सात वर्षांत अर्थव्यवस्था वेगाने वाढली, त्याचं श्रेय खुलेपणाला द्यायलाच हवं. पण ग्रामीण मजुरीही त्याच काळात वाढली, हमीभाव वाढले आणि महाराष्ट्रातली रोजगार हमी देशभर गेली. आपल्या पुण्यातल्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी १९७१मध्येच मांडलं होतं की नुसत्या वाढीवर विसंबून चालणार नाही, सार्वजनिक कामं काढून हाताला काम द्यावं लागेल.

‘औषध घेतलेले देश वर आले.’ आफ्रिकेतल्या झांबियाचं बघा. तांब्याचे भाव पडले आणि देश कर्जात रुतला. नाणेनिधीच्या कार्यक्रमाखाली डिसेंबर १९८६मध्ये मक्याच्या पिठावरचं अनुदान काढलं, पिठाचा भाव दुपटीच्या वर गेला. तिथे रोजचं जेवण म्हणजे त्याच पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. खाणपट्ट्यातल्या गावांत दंगली उसळल्या, माणसं मेली आणि सरकारला भाववाढ मागे घ्यावी लागली. उलट चीनने बाजार उघडला तो स्वतःच्या बेताने, टप्प्याटप्प्याने. मलेशियाने १९९८मध्ये नाणेनिधीचं कर्ज न घेता भांडवलावर निर्बंध लावले आणि तरी तो सावरला.

आता ‘खऱ्या गरिबापर्यंत’. हा मुद्दा मला सोडवत नाही, कारण तो मी दारात पाहिला आहे. १९९७मध्ये रेशन सगळ्यांसाठी न राहता दारिद्र्यरेषेप्रमाणे विभागलं गेलं. १९९९मध्ये महाराष्ट्रात तीन रंगांची कार्डं आली. पिवळ्या कार्डाला वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा होती १५,००० रुपये, म्हणजे महिन्याला साडेबाराशे. आमच्याकडे धुणंभांड्याला येणाऱ्या काकू जनता वसाहतीत राहायच्या, नवरा मार्केट यार्डात हमाल. दोघांची कमाई त्या रेषेच्या थोडी वर, म्हणून कार्ड केशरी. ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्या जपायच्या. २०००मध्ये केंद्राने दारिद्र्यरेषेवरच्या कार्डांसाठी धान्याचा दर सरकारला पडणाऱ्या पूर्ण खर्चाएवढा केला, तो बाजारभावाला जाऊन भिडला. ‘ताई, वाण्याकडेच बरं, तो उधार तरी देतो,’ असं त्या माझ्या बायकोला म्हणाल्या आणि रेशनच्या रांगेत जायच्या बंद झाल्या.

देशभर असंच झालं. लोकांनी उचल थांबवली आणि २००२पर्यंत सरकारी गोदामांत सहा कोटी टनांहून जास्त धान्य साठलं. गोदामं भरलेली आणि माणसं उपाशी, म्हणून २००१मध्येच अन्नाच्या हक्काचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. रेषा जेवढी खाली ओढाल तेवढे खरे गरीबच बाहेर पडतात. साडेबाराशेत कुठलं कुटुंब पुण्यात जगत होतं?

‘विषमता वाढली तर वाढू दे, खालचाही वर येतो,’ असंही मेसेजच्या शेवटी आहे. पण वर यायची शिडीच फीमागे अडकली असेल तर? युगांडाने १९९७मध्ये प्राथमिक शाळेची फी काढली आणि पट एका वर्षात सुमारे ३० लाखांवरून ५० लाखांच्या वर गेला. ती मुलं आधी कुठे होती, एवढंच मी भाच्याला विचारलं.

काकूंच्या घरी स्वस्त धान्य परत आलं ते २०१४मध्ये, अन्नसुरक्षा कायदा राज्यात लागू झाल्यावर. तेव्हा शहरी मर्यादा ५९,००० झाली होती. गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये किलो. तोवर काकू थकल्या होत्या, रांगेत सून उभी राहायची.