चार ओळींची पुल रिक्वेस्ट कशी परतवावी

आपण एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पाचे मेंटेनर, म्हणजे त्याचा कोड सांभाळणारे, असाल आणि कोणी परका चार ओळी बदलून, तो बदल स्वीकारावा अशी विनंती (पुल रिक्वेस्ट) पाठवून 'कोड किंचित वेगवान झाला आहे' असे नम्रपणे कळवत असेल, तर सर्वप्रथम संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांचे स्मरण करावे. अवेळी केलेले ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करण्याची खटपट) हे साऱ्या अनर्थांचे मूळ, हे त्यांचे १९७४ सालचे वाक्य तेवढे ऐकवावे. निर्णायक ३ टक्क्यांतली संधी मात्र दवडू नये, असे त्यांनी लगेच पुढे लिहिले आहे, पण ते वाचण्याची सक्ती कोणावरही नाही.

बेंचमार्क, म्हणजे वेग मोजणारी चाचणी, मागावा, आणि आला की न चालवताच 'हा तर नॉइज आहे', म्हणजे मोजमापातला योगायोगाचा चढउतार आहे, असे लिहावे.

त्यानंतरचे ब्रह्मास्त्र म्हणजे 'हे कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) आपोआप करतो'. माझ्यावर ते नुकतेच सोडण्यात आले. लूपच्या, म्हणजे पुन्हापुन्हा चालणाऱ्या कोडच्या, प्रत्येक फेरीत तेच रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर शोधण्याचा नमुना) नव्याने कंपाइल होत होते; ती ओळ मी लूपच्या वर नेली. घड्याळी वेळ मशीनवरच्या इतर कामांमुळे डळमळते, म्हणून कॅशेग्राइंड या साधनाने मोजलेली इन्स्ट्रक्शनची (प्रोसेसरने पार पाडलेल्या सूचनांची) संख्या, बदलापूर्वीची आणि नंतरची, सोबत जोडली. उत्तर आले: कंपायलर करतो. चालताना हीपवर (मेमरीच्या राखीव साठ्यातून) जागा मागणारे एवढे अवजड फंक्शन कंपायलर आपल्या मर्जीने लूपबाहेर काढत नाही. कंपायलरने तयार केलेली असेंब्ली (यंत्रभाषेचे वाचता येणारे रूप) उघडली असती, तर तो कॉल लूपच्या आतच बसलेला दिसला असता. पण ती उघडायची कोणी? त्याऐवजी व्हेरिएबलचे नाव बदलायला सांगितले. बदलले. मग रीबेस (माझा बदल ताज्या कोडवर नव्याने बसवणे), मग पुन्हा रीबेस, आणि मग जुनेच नाव बरे होते असा अभिप्राय!

पुढे मौन पाळावे. उरलेले काम बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, करतो. माझी रिक्वेस्ट त्यानेच 'हालचाल नाही' म्हणून बंद केली.

एका टक्क्याने काय होणार, असेही विचारावे. एसक्यूलाइट या डेटाबेसची २०१४ सालची ३.८.७ ही आवृत्ती ३.७.१७च्या तुलनेत तेवढ्याच सीपीयू सायकलींत ५० टक्के अधिक काम करू लागली, ती मुख्यतः अशाच शेकडो किरकोळ बदलांच्या बेरजेने. पण त्यांना कदाचित रिकामा वेळ असेल.

अहो, नाकारायचे तर खुशाल नाकारा. कोड वाचायला अवघड होतो, सांभाळायचा भार वाढतो, ही रास्त कारणे आहेत. ती लिहा आणि पहिल्याच दिवशी बंद करा. पण समोरच्याने मोजून दिलेला आकडा स्वतः एकदाही न मोजता खोटा कसा ठरवता? मोजण्याची कमांड रिक्वेस्टच्या वर्णनाच्या पहिल्याच ओळीत होती. नुसती कॉपी करून चालवायची होती.