अपडेट बंद ठेवून कंपनीचं काहीच बिघडत नाही

घरच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, ऑफिसात, सगळीकडे सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: फोन नीट चालतोय ना, मग अपडेट करू नका. कंपन्या अपडेटच्या नावाखाली जुने फोन मुद्दाम स्लो करतात. अनोळखी लिंक उघडली नाही की काही होत नाही. आणि आपल्या फोनमध्ये चोरण्यासारखं आहे तरी काय?

लिहिणाऱ्याचा राग मला कळतो. पण त्याने दिलेला सल्ला घातक आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

फोन स्लो करण्याचा आरोप हवेतला नाही. बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग अपडेटमधून कमी केल्याचं ॲपलने डिसेंबर 2017 मध्ये मान्य केलं. थकलेल्या बॅटरीला अचानक जास्त वीज देता येत नाही आणि फोन मध्येच बंद पडतो, हे कंपनीने दिलेलं कारण. ते तांत्रिकदृष्ट्या पटण्यासारखंच होतं. न पटण्यासारखं होतं ते लपवणं. बॅटरी बदलली तर फोन पुन्हा पळेल हे ज्याला ठाऊकच नाही, तो नवा फोन घ्यायला निघणार. शेवटी ॲपलला बॅटरी बदलण्याचा दर 79 डॉलरवरून 29 डॉलरवर आणावा लागला आणि 2020 मध्ये अमेरिकेतला खटला मिटवण्यासाठी 50 कोटी डॉलरपर्यंत मोजायची तयारी दाखवावी लागली.

पण म्हणून प्रत्येक अपडेट संशयित ठरत नाही. सुरक्षेची दुरुस्ती किती छोटी असते ते बघा. 2014 साली ओपनएसएसएल या, वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हार्टब्लीड नावाची चूक सापडली. समोरचा संगणक सर्व्हरला, म्हणजे वेबसाइट चालवणाऱ्या संगणकाला सांगायचा, 'मी एवढी अक्षरं पाठवतोय, तेवढीच परत पाठव.' प्रत्यक्षात पाठवायचा एखाददुसरं अक्षर. सर्व्हर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून उरलेली भरती स्वतःच्या मेमरीतून करायचा, एका वेळी 64 केबीपर्यंत. त्यात कुणाचे पासवर्डही जाऊ शकत होते. दुरुस्ती काय होती? सांगितलेली लांबी आणि आलेली लांबी जुळते का, हे तपासणाऱ्या मोजक्या ओळी. अशा ओळींनी कुणाचा फोन रखडत नाही.

लिंकचा मुद्दा तर केव्हाच निकालात निघाला आहे. मे 2019 मध्ये व्हॉट्सॲपमधली एक त्रुटी उघड झाली. नुसता कॉल करून फोनमध्ये हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसवता येत होतं, कॉल उचलायचीही गरज नव्हती. त्याआधी 2015 मध्ये अँड्रॉइडमधल्या स्टेजफ्राइट त्रुटीत एक एमएमएस पुरेसा होता, कारण आलेला व्हिडिओ तुमच्याआधी फोनच उघडून बघायचा. गुगलने दर महिन्याला सुरक्षा अपडेट द्यायला सुरुवात केली ती त्यानंतर.

'माझ्याकडे चोरण्यासारखं काय आहे' असं म्हणणाऱ्याच्या फोनवर बँकेचा ओटीपी येतो, एवढं उत्तर खरं तर पुरेसं आहे. पण वॉनाक्रायची गोष्ट सांगायलाच हवी. वॉनाक्राय म्हणजे संगणक लॉक करून खंडणी मागणारा आणि आपोआप पसरणारा सॉफ्टवेअरचा किडा. मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017 ला विंडोजची दुरुस्ती दिली होती. हल्ला झाला 12 मे रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांनी. सुमारे 150 देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक लॉक झाले, ब्रिटनमधल्या इस्पितळांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. त्या किड्याने कुणाकडे काय आहे ते पाहिलं नाही. भोक उघडं दिसलं की तो आत शिरत होता.

यातली एक बाब मेसेज लिहिणाऱ्याच्या ध्यानातच आलेली नाही. दुरुस्ती बाहेर पडली की हल्लेखोर जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून काय बदललं ते पाहतात, आणि भोक नेमकं कुठे होतं ते त्यांना कळतं. म्हणजे अपडेट आल्यानंतर ते न करणाऱ्याचा धोका वाढतो. कालपर्यंत जी चूक दोन-चार जणांना माहीत होती, ती आज सगळ्यांना माहीत असते.

अपडेटनेच घात होतो, हेही काही जण जोडतात. होतो. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या अपडेटमधल्या एका सदोष फाइलमुळे सुमारे 85 लाख विंडोज संगणक कोलमडले, विमानं अडकून पडली. ही फाइल आधी थोड्या संगणकांवर पाठवून पाहिली असती, तर एवढा हाहाकार झाला नसता. ती जबाबदारी कंपनीची होती. फोनची संपूर्ण नवी आवृत्ती आली तर आठवडाभर थांबून बघा, माझी हरकत नाही. सुरक्षेच्या दुरुस्तीला मात्र थांबू नका.

राग काढायचाच असेल तर तो दोन गोष्टींवर काढा. सुरक्षेची दुरुस्ती आणि नको असलेली नवी फीचर्स एकाच गाठोड्यात बांधून दिली जातात, ती वेगळी मागा. आणि फोन चांगला चालत असताना दोन-तीन वर्षांत दुरुस्त्या बंद का होतात, ते विचारा. गुगलने 2023 मध्ये पिक्सेल 8 ला आणि सॅमसंगने 2024 मध्ये गॅलेक्सी एस 24 ला सात वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं, म्हणजे जमत नाही असं कुणी म्हणू नये.

परवा मामांचा फोन हातात घेतला. सेटिंग्जमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख पाहिली, ती तीन वर्षांपूर्वीची. त्याच्याच वर हिरवी खूण आणि शब्द: 'तुमचा फोन अद्ययावत आहे.' कंपनीने दुरुस्त्या देणं थांबवलं होतं, त्यामुळे नवं काही शोधून सापडणारच नव्हतं. मामा म्हणाले, "बघ, कंपनीच सांगतेय सगळं ठीक आहे." त्यांना समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. बँकेचं ॲप त्याच संध्याकाळी मामींच्या फोनवर हलवलं. मामांच्या फोनच्या काचेवर ओरखडाही नाही, बॅटरी अजून दिवसभर पुरते. आता तो फक्त गाणी ऐकायला आणि फोन करायला.