चीर छोटी, स्क्रू तेवढाच

घरच्या ग्रुपवर एक मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येतो. या वेळी तो मामाने टाकला आणि खाली लिहिलं, 'तू तर ऑपरेशन थिएटरातच असतोस, खरं का रे हे?' मेसेज थोडक्यात असा: मणक्यात आता लेझरने, दुर्बिणीतून स्क्रू बसवतात. सुईएवढं भोक, टाका नाही, रक्त नाही, धोका नाही. दुसऱ्या दिवशी घरी, आठवड्यात कामावर. अजूनही पाठ उघडून ऑपरेशन सांगणारा डॉक्टर एक तर जुनाट, नाही तर लुटारू. आणि एकदा स्क्रू बसले की मणक्याचा विषय आयुष्यभरासाठी संपला.

मी डॉक्टर नाही. मी सी-आर्म चालवतो, म्हणजे ऑपरेशन चालू असताना पडद्यावर एक्स-रे दाखवणारं मशीन. एरवी असल्या मेसेजला अंगठा दाखवून पुढे गेलो असतो. पण मामीचा कमरेचा चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकलाय, पायात कळा येतात आणि तिला स्क्रू सांगितलेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

लेझरचं आधी उरकू. लेझरने दोन मणक्यांमधल्या गादीचा थोडा भाग जाळता येतो, हाडात स्क्रू बसवता येत नाही. कमरेच्या मणक्यातला स्क्रू साधारण साडेपाच ते साडेसात मिलीमीटर जाड आणि चार-पाच सेंटिमीटर लांब, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा. तो पिळूनच आत जातो. लेझर हा शब्द फलकावर झळकतो, इथे त्याचा उपयोग तेवढाच. दुर्बिणीचं अर्धं खरं आहे. दबलेली नस मोकळी करताना नळीतून दुर्बीण किंवा मायक्रोस्कोप वापरतात. पण कातडीतून स्क्रू घालताना सर्जन सहसा दुर्बिणीतून बघत नसतात. ते माझ्या पडद्याकडे बघत असतात.

आता ते 'सुईएवढं भोक'. सुरुवात सुईने होते, हे खरं. रुग्ण पालथा, पूर्ण भूल दिलेली. सर, म्हणजे आमचे सर्जन, म्हणतात, 'एपी दे.' एपी म्हणजे समोरून घेतलेला फोटो. त्यात मणका घुबडाच्या तोंडासारखा दिसतो. दोन गोल डोळे म्हणजे पेडिकल, मणक्याच्या पुढच्या ठोकळ्याला मागच्या कमानीशी जोडणारे हाडाचे दोन खांब. मधली चोच म्हणजे पाठीला हात लावला की लागतो तो काटा. चोच दोन डोळ्यांच्या बरोबर मध्ये नसेल तर फोटो तिरका, आणि तिरक्या फोटोवर सुई घालायची नसते. प्रत्येक मणका कमरेच्या बाकाप्रमाणे वेगळ्या कोनात, त्यामुळे माझा बराच वेळ घुबड सरळ करण्यात जातो.

मग दीड-दोन सेंटिमीटरची चीर. जॅमशिडी नावाची जाड, पोकळ सुई डोळ्याच्या बाहेरच्या कडेवर टेकवतात आणि हातोडीने हळूहळू ठोकतात. इथला नियम आमच्याकडे नवीन आलेल्या पोरालाही पाठ असतो: एपीत सुईचं टोक डोळ्याची आतली कड ओलांडायच्या आत लॅटरलला, म्हणजे बाजूने घेतलेल्या फोटोत, ते पुढच्या ठोकळ्यात शिरलेलं दिसायला हवं. कारण आतल्या कडेपलीकडे नसा आहेत. म्हणून एपी, दोन ठोके, लॅटरल, परत एपी. सुईतून एक तार आत सोडतात आणि सुई काढतात. तारेवरून एकात एक बसणाऱ्या नळ्या जातात, त्या स्नायू न कापता बाजूला सारतात. मग आटे पाडायचे आणि पोकळ स्क्रू त्याच तारेवरून आत. या सगळ्यात तार धरून ठेवणं हे एक स्वतंत्र काम असतं, कारण स्क्रूबरोबर ती पुढे सरकली तर मणक्याची पुढची भिंत फोडून पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांपर्यंत जाऊ शकते. असे दोन मणक्यांत चार स्क्रू. मग दोन्ही बाजूंना एकेक दांडी, स्नायूंच्या खालून स्क्रूंच्या डोक्यांत न बघता ओवायची आणि वरून घट्ट करायची.

याला चार छोट्या चिरा लागतात, किंवा दोन जरा मोठ्या. टाके पडतात. रक्त कमी जातं, पण जातं. आणि आत बसलेला धातू उघड्या ऑपरेशनात असतो तेवढाच असतो.

मग वाचतं काय? स्नायू. उघड्या पद्धतीत पाठीच्या कण्यालगतचा स्नायू हाडावरून खरवडून सुटा करतात आणि ऑपरेशन संपेपर्यंत फाकवून धरतात. त्याची इजा टळते, म्हणून पहिल्या आठवड्यांत दुखणं कमी, दवाखान्यातला मुक्काम कमी, जखम पिकायचा धोकाही कमी. हा फायदा खरा आहे, मी वॉर्डात रोज बघतो. पण वर्ष-दोन वर्षांनी दोन्ही पद्धतींच्या रुग्णांची पाठ आणि चालणं तपासलं तर फरक फारसा उरत नाही, असंच बहुतेक अभ्यास सांगतात.

'धोका नाही' यावर मला हसूच येतं, कारण धोक्याचा एक भाग माझ्या हातातल्या बटणावर आहे. पाठ उघडली की हाड डोळ्यांना दिसतं. नाही उघडली तर प्रत्येक पावलाला एक्स-रे. रुग्णाला तो एका दिवसापुरता, पण सर्जन, सिस्टर आणि मी वर्षभर त्यात उभे असतो. शिशाचा एप्रन, गळ्याला थायरॉईड शील्ड, छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती किरण पडले ते नोंदवणारा बिल्ला. तो बॅज दर तीन महिन्यांनी मोजायला जातो. मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाने आमच्यासाठी मर्यादा घातली आहे: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. स्क्रूची वाट कॉम्प्युटरवर दाखवणारं नॅव्हिगेशन आणि रोबोट आल्यापासून काही ठिकाणी आमचा डोस उतरलाय. बिलाबद्दल तसं म्हणता येणार नाही.

उघडं ऑपरेशन सांगणारा जुनाट? मग वंशावळ बघा. पेडिकलमधून स्क्रू घालायला फ्रान्समध्ये रॉय-कामीय यांनी १९६३ साली सुरुवात केली. स्नायू न खरवडता त्यांच्या फटीतून वाट काढायची पद्धत अमेरिकेच्या विल्टसे यांनी १९६८ मध्येच मांडली. मागर्ल यांनी स्वित्झर्लंडमध्ये १९७७ च्या सुमारास कातडीतून स्क्रू घातले, पण त्यांची दांडी शरीराबाहेर राहायची. ती स्नायूंखालून ओवायची युक्ती मेम्फिसच्या फोली यांनी २००१ च्या आसपास दाखवली. म्हणजे 'नवं' म्हणतात त्याची मुळं साठ वर्षांमागे आहेत.

आणि छोटं म्हणजे चांगलंच, असंही नाही. एक्स-स्टॉप नावाचं उपकरण दोन मणक्यांच्या काट्यांमध्ये अडकवायचे, लहानशा चिरेतून. अमेरिकेत २००५ मध्ये परवानगी मिळाली, गाजावाजा झाला. स्वीडनमध्ये ५० जणांना ते बसवलं आणि ५० जणांची नस नेहमीच्या पद्धतीने मोकळी केली. पहिल्या गटात १३ जणांना परत टेबलावर घ्यावं लागलं, दुसऱ्यात तिघांना. २०१५ मध्ये ते बाजारातून गेलं. त्यामुळे खूप वाकलेला कणा, जुन्या ऑपरेशनची चिकटलेली जागा, अनेक पातळ्यांवर दबलेल्या नसा बघून 'उघडावं लागेल' म्हणणाऱ्याला लगेच लुटारू ठरवू नका. उलट कातडीतून घालायचे स्क्रू साध्यापेक्षा महाग असतात.

राहिला शेवटचा दावा, आयुष्यभराचा. हा मला सगळ्यांत खोटा वाटतो. स्लॅब टाकताना खाली बल्ल्या लावतात, तसे हे स्क्रू. खरा भार पुढे दोन मणक्यांमध्ये भरलेल्या हाडाने घ्यायचा असतो, आणि ते हाड जुळायला कित्येक महिने जातात. (फरक इतकाच की बल्ल्या काढतात, हे बहुधा आतच राहतात.) हाड जुळलंच नाही तर धातू रोज वाकून वाकून थकतो. स्क्रू हलतो, कधी दांडी तुटते. अशा तुटलेल्या दांड्या मी पडद्यावर बघितल्यात. हाडं ठिसूळ असतील तर पकड आधीच कच्ची. जुळल्यावरही वरच्या-खालच्या मणक्यांवर ताण वाढतो. दुसऱ्या दिवशी उभं करतात हे खरं, उघड्या ऑपरेशननंतरही करतात. पण वाकणं आणि वजन उचलणं आठवड्यात सुरू होत नाही, आणि मामीचं काम म्हणजे वाकणं आणि हंडे उचलणंच आहे.

सरांनी तिला पहिला प्रश्न चिरेचा नाही विचारला. विचारलं, 'मिश्री लावता का?' निकोटिनने हाड नीट जुळत नाही, ते सोडल्याशिवाय तारीख नाही. मेसेजात याबद्दल अक्षर नाही. मामीने दोन दिवस आढेवेढे घेतले. डबी आता मामाच्या खिशात असते, आणि तोही तिच्यादेखत तंबाखू मळत नाही.