पहाटे पाचचा गजर आणि झोपेची उधारी

पहाटे पाचला उठणाऱ्या माणसाबद्दल माझी काही तक्रार नाही. पाचला उठतो म्हणून तो दिवसभर जो भाव खातो, त्याबद्दल आहे. आठला उठणारा आळशी, पाचला उठणारा शिस्तीचा आणि चारला उठणारा थेट संतपदाला पोचलेला, ही उतरंड कुणी ठरवली? साडेनऊला झोपून पाचला उठा नाहीतर साडेअकराला झोपून सातला उठा, झोप साडेसात तासच. तरी एकाला शाबासकी आणि दुसऱ्याला टोमणे.

'लवकर निजे, लवकर उठे' आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण अमलात आणायची वेळ आली की पहिला अर्धा भाग गाळला जातो. रात्री एक वाजेपर्यंत मोबाईल आणि पाचचा गजर. ही झोपेची उधारी झाली, आणि ती दुपारी तीनच्या मीटिंगमध्ये वसूल होते. प्रौढ माणसाने रोज किमान ७ तास झोपावं, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या दोन मोठ्या संस्थांनी २०१५ मध्ये एकत्र बसून सांगितलं. चार-पाच तासांवर मजेत जगणारी माणसं असतात, पण अगदी विरळा. आपण त्यातले आहोत असं वाटणारे मात्र ढिगाने सापडतात.

म्हणून माझं सरळ म्हणणं असं आहे की सकाळ सुधारायची असेल तर आधी रात्रीला हात घाला, आणि उठायची वेळ कुठलीही ठेवा, पण रोज तीच ठेवा.

रोज तीच का? डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर पेशींचा एक बारीकसा पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते. (अशी घड्याळं पेशीच्या आत नेमकी कशी चालतात हे फळमाश्यांवर शोधून काढणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं.) गंमत म्हणजे माणसाच्या या घड्याळाचा दिवस सरासरी २४ तासांपेक्षा काही मिनिटांनी मोठा असतो. मोकळं सोडलं तर ते रोज थोडं थोडं मागे पडत जाईल. त्याला रोज जागेवर आणण्याचं मुख्य काम उजेड करतो, विशेषतः सकाळचा.

आणि उजेड म्हणजे खोलीतला दिवा नव्हे. घरातल्या दिव्यांचा उजेड फार फार तर काहीशे लक्स (उजेड मोजायचं एकक) भरतो. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर काही हजार लक्स असतो, आणि भर उन्हात आकडा १ लाखाच्या आसपास जातो. आपल्याला एवढा फरक जाणवत नाही, कारण डोळा स्वतःला जुळवून घेतो. मेंदूतल्या घड्याळाला तो बरोबर कळतो. तेव्हा सकाळच्या दिनचर्येतली एकच गोष्ट ठेवायची म्हटली, तर मी उठल्यावर तासाभरात थोडा वेळ घराबाहेर उजेडात जाणं हीच ठेवीन. चाला, नुसते उभे राहा, झाडांना पाणी घाला. सूर्याकडे टक लावून मात्र बघू नका, ते कुणी सांगितलेलं नाही. मिट्ट काळोखात व्यायाम उरकून सूर्य उगवायच्या आत लॅपटॉपसमोर बसणाऱ्यांनीही नंतर एकदा बाहेर डोकवावं.

आता सुट्टीचा दिवस. पाच दिवस सहाला उठायचं आणि शनिवार-रविवारी दहाला, म्हणजे दर आठवड्याला चार तासांच्या अंतरावरच्या देशात जाऊन परत यायचं. विमानाचं तिकीट न काढता. टिल रोनेबर्ग या जर्मन संशोधकाने यालाच 'सोशल जेटलॅग' असं नाव दिलं. रविवारी रात्री छताकडे बघत पडून राहायचं आणि सोमवारी सगळ्या जगावर चिडायचं, यामागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं. सुट्टीला तासभर जास्त झोपा, कोण नको म्हणतंय? चार तासांची हौस महाग पडते.

स्नूझबद्दल मी फारशी कडक नाही. उठल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं डोकं जड असणं स्वाभाविक आहे, त्या वेळात आयुष्याचे निर्णय घेऊ नयेत एवढंच. पण रोजच तीन-चार गजर लागत असतील, तर झोप कमी पडतेय.

आमच्या घरातलं सोळा वर्षांचं प्रकरण वेगळं आहे. त्याच्या खोलीच्या दारात उभं राहून 'अरे, ऊठ आता!' हे मी तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत म्हणते, आणि पांघरुणातून फक्त एक हात बाहेर येतो, तोही गजर बंद करायला. पूर्वी मला तो आळस वाटायचा. पण वयात येताना मुलांचं घड्याळ खरोखरच मागे पडतं, रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी जाग उशिरा. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नका असा सल्ला दिला. कॅलिफोर्नियात २०२२ पासून बहुतेक सरकारी हायस्कुलांसाठी तसा कायदाच लागू आहे. मुलाला मी हे सांगितलं नाही. त्याने स्वतःच शोधून मला वाचून दाखवलं.

'एकवीस दिवसांत सवय लागते' हे वाक्य तर आता मोडीत काढायला हवं. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या लिखाणात सापडतं. रुग्णांना आपला बदललेला चेहरा अंगवळणी पडायला किमान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातलं 'किमान' वाटेत कुठेतरी गळून पडलं. पुढे लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी खरंच मोजून पाहिलं, तर गोष्ट आपोआप घडू लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला लागणाऱ्या दिवसांचा अंदाज २५४ पर्यंत गेला. पाणी पिण्यासारखी सवय लवकर लागते, व्यायामाची उशिरा. मला सगळ्यात दिलासा वाटला तो एका बारीक निष्कर्षाचा: मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. तरी आपण एक दिवस खाडा झाला की 'गेलं सगळं मुसळ केरात' म्हणून सोडून देतो. त्यात ध्यान, धावणं, डायरी, वाचन, गार पाण्याची अंघोळ असं सगळं एकाच सोमवारी सुरू करायचं! एक उचला. तेही आधीच्या पक्क्या सवयीला जोडून द्या, म्हणजे दात घासून झाले की बूट चढवायचे. बूट रात्रीच दाराशी काढून ठेवा, कपडे खुर्चीवर. मोबाईल दुसऱ्या खोलीत आणि गजराला साधं घड्याळ. कॉफी दुपारनंतर बंद, कारण तिच्यातलं निम्मं कॅफीन शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात.

आता जे मला मुळात बोलायचं होतं. ज्यांच्या सकाळीत व्यायाम, ध्यान आणि वाचन हे सगळं बसतं, त्यांच्या घरात त्या वेळी डबे कोण भरत असतं? आजारी माणसाचं औषध-पाणी कोण बघत असतं? एकदा शवासनात पडलेल्या नवऱ्याला ओलांडून मी कपड्यांची बादली घेऊन मशीनकडे गेले. त्याने डोळे न उघडता 'हळू' म्हटलं. त्या दिवशी आमच्या घरात दिनचर्येवर जी चर्चा झाली, ती कुठल्याही व्हिडिओत ऐकायला मिळणार नाही. आता डबे आणि मुलाला उठवणं दिवसाआड वाटलेलं आहे, आणि शवासन ज्याच्या त्याच्या पाळीप्रमाणे. एकाची निवांत सकाळ बहुतेक वेळा दुसऱ्याच्या धावपळीवर उभी असते. यशस्वी माणसांच्या दिनचर्या सांगताना ही बाजू कुणी सांगत नाही.

रात्रपाळीवाल्यांचं गणित तर पूर्ण उलटं. त्यांनी घरी जाताना काळा चष्मा लावावा, खोली गडद अंधारी करावी, आणि घरच्यांनी त्यांच्या दुपारच्या झोपेला आपल्या मध्यरात्रीइतका मान द्यावा. दुपारी बेल वाजवून 'अजून झोपलायस?' विचारणारे शेजारी हा स्वतंत्र विषय आहे.

आणि तान्ह्या बाळाच्या आईला कुणी पहाटे पाचचा सल्ला दिलाच, तर तिने बाळ त्याच्या हातात द्यावं आणि दार लावून झोपावं.