पुसू नये

सकाळी फोन हातात घेतला आणि पहिलाच फोटो तो. आमच्या ग्रुपातल्या एका मित्राने घर आवरलंय. तीन खोकी. फ्लॉप्या, सीड्या, मॅन्युअलं, एक मदरबोर्ड, वायरींचा गुंता. वर लिहिलंय, "पंचवीस वर्षांचा कचरा आज गेला. मोकळं वाटतंय." खाली बदाम, टाळ्या, आणि "माझ्याकडे पण ये रे आवरायला."

मी फोटो मोठा करून बघितला. तुम्हीही बघितला असता, उगाच साळसूदपणा नको. मधल्या खोक्याच्या कडेला एक पातळ पुस्तिका उभी खोचलेली, पिना गंजलेल्या, वर साउंड कार्डाचं, म्हणजे जुन्या पीसीला आवाज देणाऱ्या बोर्डाचं, रेखाचित्र. मॉडेल नंबर अर्धा झाकलेला. मी गेली चार वर्षं अशीच एक पुस्तिका शोधतेय. तीच असेल असं म्हणत नाही मी. पण नसेलच असंही आता कुणी सांगू शकणार नाही.

मी खाली लिहिलं, "अरे, टाकण्याआधी विचारायचं तरी!" त्यावर साहेबांचं उत्तर, "अगं, ऑनलाइन सगळं मिळतं आता." आणि डोळा मारणारा इमोजी.

त्या "मिळतं"वरून माझं डोकं फिरलंय.

मिळतं म्हणजे काय रे? झाडाला लागतं? सकाळी दारात येऊन पडतं? कुणीतरी आपली रविवार दुपार घालवून ते तिथे ठेवलेलं असतं, म्हणून मिळतं. आणि ज्यांनी ठेवलं त्यांच्याकडे तुझ्यासारखीच खोकी होती. फरक एवढाच, की त्यांना मोकळं वाटायची घाई नव्हती.

आमच्याकडे ४८६ होता, नव्वदीतला पीसी. म्हणजे दादाचा. दादा घरात नसला की माझा. त्यात साउंड ब्लास्टर या तेव्हाच्या गाजलेल्या साउंड कार्डाची नक्कल करणारं एक कार्ड, आज नावही कुणाला आठवणार नाही अशा कंपनीचं. त्याच्याबरोबर आलेली पुस्तिका म्हणजे आमची पोथी. जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी इवली टोपी, इथे लावला की आयआरक्यू ५, तिथे लावला की ७, पत्ता २२० की २४०. कार्ड आणि मशीनचं एकमेकांशी बोलणं या आकड्यांवर. एक जंपर चुकला की गेम मुका, नाहीतर पहिल्याच आवाजाला मशीन जागच्या जागी गोठलेलं. शेवटचं पान कोरं होतं. त्यावर दादाने पेन्सिलीने प्रिन्स ऑफ पर्शियाची यादी केली होती. ज्यांनी खेळलाय त्यांना कळलं असेल कसली. पहिली लेव्हल संपली की कुप्यांची खोली यायची, कुपीवर एकेक अक्षर, आणि गेम विचारायचा की मॅन्युअलच्या अमुक पानावर, अमुक ओळीत, अमुक शब्द कोणता. त्या शब्दाच्या पहिल्या अक्षराची कुपी प्यायची. आमच्याकडे गेमचं मॅन्युअल कुठलं असायला! दादा चुकत, पुन्हा सुरू करत, एकेक उत्तर लिहीत गेला.

फ्लॉप्यांच्या डब्यावर त्याच्याच अक्षरात चिठ्ठी होती, "गेम्स ३. पुसू नये." ती माझ्यासाठी होती, हे सांगायला नको.

तर चार वर्षांपूर्वी अगदी तेच कार्ड माझ्या हाती लागलं. लावलं, मुकं. असल्या बऱ्याच नकलाकार कार्डांना आधी त्यांचाच एक छोटा प्रोग्राम चालवून जागं करावं लागतं, आणि तो असतो ड्रायव्हरच्या फ्लॉपीवर. कंपनी बुडालेली, तिची साइट गेलेली. शेवटी सापडला तो डिस्कमास्टरवर. माहीत नसेल तर आजच बघा. इंटरनेट आर्काइव्ह या मोफत डिजिटल ग्रंथालयावर लोकांनी चढवलेल्या जुन्या सीड्यांच्या पोटातल्या फायली तिथे नावाने, प्रकाराने शोधता येतात. झिपच्या आतल्या झिपमधल्यासुद्धा. माझा ड्रायव्हर कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवर, फोल्डराच्या आत फोल्डर, त्याच्या आत बसला होता. ती सीडी जपून ठेवून, ड्राइव्हमध्ये घालून, वर चढवणारा माणूस कोण, मला माहीत नाही. त्याच्या खोक्याचा कुणी फोटो टाकला असता तर आपण त्यालाही टाळ्याच दिल्या असत्या, गेला कचरा म्हणून.

कार्ड जागं झालं. पण जंपरांचा तक्ता कुठेच नाही. द रेट्रो वेबवर मदरबोर्ड आणि कार्डांचा मोठा संग्रह आहे. फोटो, बायॉसच्या फायली, मॅन्युअलं, जंपरांच्या जागा. जुनं मशीन उघडून बसलेल्या माणसाला याहून जवळचं कुणी नाही. तिथे माझं कार्ड आहे. पुढून फोटो, मागून फोटो. मॅन्युअलची जागा रिकामी. तीन संध्याकाळी मी चिमट्याने जंपर इकडचे तिकडे करत बसले. उघड, लाव, चालू कर, गोठलं, बंद कर. पुस्तिका असती तर दोन मिनिटांचं काम.

आणि हे फक्त माझ्या कार्डाचं रडगाणं नाही. आज जे जे "मिळतं" ते सगळं असंच उभं राहिलंय. २०१५च्या जानेवारीत इंटरनेट आर्काइव्हने सुमारे २,४०० डॉस गेम (विंडोजआधीच्या पीसीवरचे) थेट ब्राउझरात खेळता येतील असे ठेवले, तेव्हा याच मित्राने लिंक पाठवून "बालपण परत आलं" लिहिलं होतं. त्याच्या पोटात चालतो तो डॉसबॉक्स, आजच्या मशीनवर जुनं डॉस उभं करणारा प्रोग्राम, हौशी लोकांनी २००२पासून उभा केलेला. गॉग या साइटवर २००८पासून जुने गेम रीतसर विकत मिळतात, त्यातल्या बऱ्याच डॉस गेमच्या फोल्डरात डोकावून बघा, आत पुन्हा डॉसबॉक्सच. क्लिक करत खेळायचे जुने साहसी गेम स्कमव्हीएम या प्रोग्राममुळे आजच्या फोनवरही चालतात. विंडोज ९५च्या जमान्यातला गेम आजच्या मशीनवर रुसला तर पीसीगेमिंगविकीवर त्याची समजूत कशी घालायची ते कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं. मायक्रोसॉफ्टचं डॉस आता संपणार हे दिसल्यावर जिम हॉल नावाच्या विद्यार्थ्याने १९९४ साली फ्रीडॉसची, डॉसच्या मोफत पर्यायाची, सुरुवात केली, ते आजही चालू आहे.

आणि ८६बॉक्स! तो नुसता गेम चालवत नाही, अख्खं जुनं मशीन पडद्यावर उभं करतो. बोर्ड निवडा, प्रोसेसर निवडा, मेमरी मोजणारा तो काळा पडदा पुन्हा बघा. मग ६४० केबीतले चार केबी वाचवायला कॉन्फिग.सिस या डॉसच्या फायलीतल्या ओळी वरखाली करत बसा. (यात मजा काय, असं विचारणाऱ्यांनी पुढे वाचू नये.)

आता कुणीतरी कॉपीराइट काढणारच. हो बाबा, यातलं सगळं कायद्याच्या चौकटीत चोख बसत नाही. मान्य. पण विकत घ्यायला गेलं तर आहे कुठे? व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली मोजून सांगितलं की अमेरिकेत २०१०पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारातच नाहीत. ग्रंथालयांनी संशोधकांना ते दुरून वापरू द्यावेत, अशी सवलत मागितली तर तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४च्या ऑक्टोबरमध्ये नाही म्हटलं. विकायचं नाही आणि दुरून वापरूही द्यायचं नाही.

त्याच महिन्यात इंटरनेट आर्काइव्हवर हल्ला झाला आणि ते काही दिवस बंद होतं. तेव्हा कळलं "ऑनलाइन सगळं" म्हणजे किती बारीक दोरीवर लटकलंय. मी दिवसातून चार वेळा उघडून बघत होते, आजारी माणसाच्या उशाशी बसल्यासारखी.

जागा नसते, हेही मान्य. तीन खोकी आयुष्यभर सांभाळ असं कोण म्हणतंय? पुस्तिका स्कॅन कर, सीडीची इमेज, म्हणजे हुबेहूब डिजिटल प्रत, काढ, चढव, मग खुशाल टाक. फ्लॉपीला ग्रीसविझल नावाचा छोटा बोर्ड मिळतो, तो चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतो, त्यामुळे साध्या ड्राइव्हने नाकारलेली फ्लॉपीही कधीकधी वाचते. फक्त आधी सरकती पट्टी बाजूला करून चकती उजेडात धरा. पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी. तशी फ्लॉपी आत घातलीत तर ड्राइव्हचं हेडही खराब. आणि तुझ्या त्या मदरबोर्डच्या कोपऱ्यात हिरवट-निळं दिसत होतं ना, ती बॅटरी गळलीय. बॅटरी काढून, साफ करून असे बोर्ड पुन्हा चालू झालेले मी पाहिलेत. मेला म्हणून टाकायची घाई नको.

प्रिन्स ऑफ पर्शियाचंच घ्या. जॉर्डन मेकनरने ॲपल २ या कॉम्प्युटरसाठी लिहिलेला त्याचा मूळ कोड हरवला होता. २०१२ साली मेकनरच्या वडिलांना घरातल्या कपाटात एक खोकं सापडलं, त्यात फ्लॉप्या. इंटरनेट आर्काइव्हचे जेसन स्कॉट आणि इतर जाणकारांनी त्या वाचल्या, आणि एप्रिलमध्ये मेकनरने कोड सगळ्यांसाठी खुला केला. म्हाताऱ्याने कपाट आवरताना "मोकळं वाटतंय" म्हटलं असतं तर?

बरं. आता खरं सांगते, कारण लिहिता लिहिता राग उतरलाय आणि दुसरंच काहीतरी वर आलंय.

आमची पुस्तिका हरवली नाही. मी टाकली. घर बदलताना, दादा तेव्हा परगावी होता. खोकं उघडलं, डब्यावरची "पुसू नये" वाचली, हसलेसुद्धा. आणि अख्खं खोकं दाराबाहेर ठेवलं. तेव्हा मलाही मोकळं वाटलं होतं. पुढे एकदा त्याने फोनवर सहज विचारलं, "ती कार्डाची पुस्तिका आहे का गं, मागे माझी यादी आहे ती?" मी म्हटलं, "असेल माळ्यावर." दादा, वाचत असशील तर ती माळ्यावर नाही. पुसलं नाही रे मी, टाकूनच दिलं.

एडिट : मित्राचा मेसेज आला. दोन खोकी गेली, एक अजून गाडीच्या डिकीत आहे, "पण त्यात बहुतेक वायरीच असतील, तुला काय उपयोग?"

वायरी पण चालतील. निघाले.