‘नुसतं पाणी विकतात’ म्हणणाऱ्या ताईंना दुकानाकडून उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री जेवताना माझ्या मुलीने वाचून दाखवला. एक स्टार. “स्वस्त म्हणून ऑल पर्पज लिक्विड घेतलं, पण नुसतं पाणी विकतात. दाटपणा नाही, फेस नाही, वर ओट्याच्या कडप्प्यावर पांढरे डाग पडले. दुकानात अ‍ॅसिडचा ड्रम आहे, तेच मिसळत असणार. विचारायला गेले तर मालक ओरडले. कोणी घेऊ नका.” पुढची भाकरी काही घशाखाली उतरली नाही.

ओटा खराब झाला त्याबद्दल आधी माफी मागतो. आवाज चढला तीही माझी चूक. त्या दिवशी आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी नळ आला होता, तोही रात्री सव्वानऊला. निम्मं शटर ओढून मी मोटर लावत होतो, हातात पाइप, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, आणि तुम्ही बाहेरून हाक मारलीत. तरी गिऱ्हाइकाशी असं बोलायचं नसतं. हे बायकोने त्याच रात्री ऐकवलं, रविवारी पुन्हा ऐकवलं.

पण ताई, ‘पाणी’ हा शब्द लागला. सोलापुरात राहून माझ्यावर पाणी विकल्याचा आरोप? पाणी विकायला माझ्याकडे पाणी आहे कुठे? तेवढं असतं तर मी लिक्विड कशाला बनवत बसलो असतो, टँकरच चालवला असता.

आता खरं सांगतो. लिक्विडमध्ये पाणी आहे, आणि भरपूर आहे. मॉलमधल्या रंगीत बाटलीतही सगळ्यांत जास्त पाणीच असतं, फक्त ते कुणी तोंडावर बोलून दाखवत नाही. काम करतो तो त्यातला साबणाचा अंश. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात अकरा वर्षं प्रोसेसिंगला होतो. सूत धुणं, तेल काढणं, रंगाआधी कापडाने पाणी प्यायला हवं म्हणून काय टाकायचं, हे सगळं या हातांनी केलंय. तेच शिकून अशोक चौकाच्या अलीकडे हे दुकान टाकलं. तेव्हा कशात काय घालतो ते उघड सांगायला मला लाज नाही.

तुम्ही पाहिलात तो निळा ड्रम. त्यावर ‘अ‍ॅसिड स्लरी’ असं लिहिलेलं आहे, खरं आहे. साबणाचा कच्चा माल असतो तो, धंद्यातलं नावच ते, मी ठेवलेलं नाही. कपड्यांच्या पावडरीतही बहुतेक हीच वापरतात. स्लरी तशीच कुणी भरून देत नाही. कॉस्टिक सोड्याचं पाणी थोडं थोडं घालून ती मारावी लागते, म्हणजे तिच्यातलं अ‍ॅसिड संपवावं लागतं, त्या वेळी पिंप बाहेरून हाताला गरम लागतं. मग कागदाची पट्टी बुडवून बघतो. पट्टी लाल झाली तर अजून अ‍ॅसिड शिल्लक आहे, हिरवट आली की झालं. तिथे अ‍ॅसिडचा साबण होतो, अ‍ॅसिड उरत नाही. त्यानंतर एसएलईएस म्हणतात ती फेस आणणारी पांढरट पेस्ट, रंग, लिंबाचा वास. लिंबाचा फक्त वास आहे, लिंबू नाही. हेही सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कुणी लिहायचं की लिंबाने ओटा खाल्ला.

आणि दाटपणा. तो मिठाने येतो, ताई. साध्या खायच्या मिठाने. शेवटी मिठाचं पाणी घालत जायचं, लिक्विड मधासारखं होत जातं. हात सैल सुटला तर त्याच मिठाने ते परत पातळ होतं. दाट म्हणजे कडक, असं आपल्याकडे पक्कं बसलंय. मी मूठभर मीठ जास्त टाकून तुम्हाला खूश केलं असतं, तुम्ही पाच स्टार दिले असते, आणि फरशी होती तेवढीच निघाली असती. दुसरं म्हणजे तुम्ही नेलंत मे महिन्यात. पारा ४३ वर होता. उन्हाळ्यात हे लिक्विड सैल पडतंच. थंडीत गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला तोच माल बाटलीतून उतरायला तयार होत नाही. तेव्हा लोक म्हणतात, “काय ओ, गोंद दिलाव काय?” कुणाकुणाचं ऐकायचं.

फेसाचंही तसंच. तुम्ही जुळे सोलापूरला राहता असं दुकानातला पोरगा म्हणाला, म्हणजे चार दिवसांआड नळ आणि मधे बोअर. बोअरच्या क्षाराच्या पाण्यात फेस निम्मा मरतो. मी स्वतः लिक्विड बनवायला बोअरचं पाणी घेत नाही, माल गढूळ होतो. उजनीचं नळाचंच लागतं. म्हणून तर रात्री सव्वानऊला पाइप धरून उभा होतो. पण फेस आला नाही म्हणजे सफाई झाली नाही असंही नाही. दहा लिटरच्या बादलीत दोन टोपणं, साधारण २० मिली, एवढ्यात फरशीचं तेलकट-चिकट निघतं. फेस फार झाला तर दुसऱ्यांदा साध्या पाण्याने पुसावं लागतं, ते वेगळंच.

हिशेब सांगू? सुटं लिक्विड ४५ रुपये लिटर. एका बादलीला २० मिली धरलं तर लिटरमध्ये पन्नास बादल्या, म्हणजे बादलीला नव्वद पैसे. नव्वद पैशांत फरशी, गॅसची शेगडी, पंख्याची पाती, फ्रिजचा दरवाजा, बाथरूमच्या टाइल्स सगळं निघतं. शेगडीचं तेल जुनं असेल तर पाणी न घालता लावून दहा मिनिटं ठेवायचं. सागवानी पॉलिशला नको, टीव्हीच्या काचेला नको, देवाच्या तांब्या-पितळेला चिंचच बरी. आणि नळाभोवती जो पांढरा थर बसतो तो माझ्या लिक्विडने निघत नाही, कितीही घासा. तो क्षार आहे, त्याला आंबटच लागतं. हे मी कुणालाही खोटं सांगत नाही.

आता ओटा. मूळ मुद्दा हाच आहे आणि मीच तो मागे ढकलत आलो, लिहिताना लक्षात आलं.

कडप्पा काय किंवा शहाबादी काय, दोन्ही चुन्याच्या जातीचे दगड. त्यांचं अ‍ॅसिडशी वाकडं. लिंबाचा थेंब पडला तरी बारीक बुडबुडे येतात, पॉलिश जाते आणि काळ्या दगडावर राखेसारखा पांढरा डाग उमटतो. साबणाने ते होत नाही. तुमचा रिव्ह्यू वाचल्यावर मी कडप्प्याच्या एका तुकड्यावर आमचं लिक्विड पाण्याशिवाय ओतलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी पुसलं, काही नाही. तुकडा गल्ल्याशेजारी ठेवलाय, कुणीही येऊन बघावा. मग तुमच्या ओट्यावर अ‍ॅसिड आलं कुठून? दोन दिवस डोक्यात हेच.

शेवटी पोराला बसवून विचारलं. त्याला तुम्ही आठवता, कारण तुमची बाटली आठवते. वाकड्या मानेची निळी बाटली, संडास धुवायच्या लिक्विडची. तिच्या तोंडात नरसाळं बसेना, निम्मं त्याच्या हातावर सांडलं. तो म्हणाला, “ताई, धुतलीय ना ओ बाटली?” आणि तुम्ही म्हणालात, “हो हो, टाक लवकर, रिक्षा उभी आहे.” मी तिथे नव्हतो, पोर सांगतंय ते लिहितो. तुम्हाला खोटं पाडायचं नाही.

संडासच्या त्या लिक्विडमध्ये हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं, दहा टक्क्यांच्या आसपास. बाटली रिकामी दिसते, पण वाकड्या मानेत आणि तळाशी थोडंफार सहज राहतं. एवढं एक लिटरमध्ये मिसळलं तर आमचं लिक्विड आमचं राहिलंच नाही. ते कडप्प्यावर गेलं की दगड खाणारच. त्याच बाटलीत कुणी ब्लीचिंग पावडरचं पाणी भरलं असतं तर क्लोरीन सुटला असता. ओट्यावर निभावलं म्हणायचं. हे मी रागाने म्हणत नाही, आमच्या कारखान्यात एकदा चुकीच्या पिंपात चुकीचं ओतलं गेलं होतं आणि दोघं जण खोकत बाहेर पळाले होते, मी पाहिलंय.

लोकांना वाटतं सुट्टं देणारा बाटली बघत नाही, पैसे बघतो. लोक घरून बाटली आणतात म्हणूनच ४५ रुपयांत परवडतं, बाटलीचे दहा-बारा रुपये वाचतात. कोल्ड्रिंकची बाटली आणली तर मी स्वतः परत पाठवतो, घरात लहान पोरं असतात, तहानेला उचलतील. त्यावरूनही दोन गिऱ्हाइकं कायमची गेली. तुमची निळी बाटली मात्र भरली गेली, आणि ती आमच्या पोराने भरली. ‘धुतलीय’ म्हटलं तरी त्याने दुकानातल्या नळाखाली एकदा खळबळून घ्यायला हवी होती. नळाला पाणी नव्हतं हा भाग वेगळा. लेबल लावलं होतं तेही ओल्या हाताने, दोन दिवसांत निघालं असणार, म्हणजे दोन टोपणाचं प्रमाणही तुमच्यापर्यंत पोचलं नाही. इथे आम्ही चुकलो.

बाटल्यांचं काहीतरी ठरवतोय. टॉयलेटवाली बाटली घ्यायचीच नाही असं पोराला सांगितलंय, एक पाटीही लावायची आहे, मुलगी लिहून देणार आहे. लेबलाचंही बघतो.

डागांवर सध्या खोबरेल तेलाचा बोळा फिरवा, काळेपणा दिसायला परत येईल, पण तो तात्पुरताच. खरा इलाज पॉलिशवाल्याकडे. खर्चाचं समोर बसून बोलू, मी पळून जाणारा माणूस नाही, दुकान तिथेच आहे. रिव्ह्यू काढा असंही म्हणत नाही. फक्त ‘अ‍ॅसिड मिसळतात’ हे वाक्य वाचून काल दोन बायका नुसत्या ड्रमकडे बघून परत गेल्या, तेवढं तुमच्या कानावर घालतो. उरलेल्या लिक्विडचे पैसे परत देतो किंवा लिटरभर नवं देतो, आमच्याच बाटलीत.

दुपारी दोन ते चार बंद असतं. नळ येईल त्या दिवशी थोडं मागेपुढे होतं. पट्टी तुमच्यासमोरच बुडवू, लाल झाली तर चूक बाटलीची, हिरवट आली तर माझी. तेवढी निळी बाटली टाकली नसेल तर येताना घेऊन या. धुऊ नका.