सेमी म्हणजे नक्की किती?

१९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड होता. आता दंड धाडणाऱ्याला बसतो आणि त्याला फी म्हणतात. फुकटातली चांगली शाळा बघावी म्हटलं तर तिथंही सुटका नाही. कोल्हापूर महापालिकेच्या जरगनगरातल्या शाळेपुढं पाडव्याच्या प्रवेशासाठी आदल्या रात्रीपासून रांग लागते. सरकारी शाळा ओस पडल्या म्हणणाऱ्यांनी एकदा ती रांग बघून यावं, येताना चादर घेऊन.

पण रांग परवडली, तिच्या टोकाला मिळणारा फॉर्म परवडत नाही. त्यात एक रकाना असतो: माध्यम. मराठी लिहिलं की सासरकडचे "पोराचं वाटोळं करताय काय?" म्हणतात. इंग्रजी लिहिलं की माहेरकडचे "आजीशी बोलंल काय ते?" म्हणतात. मग दोन्हीकडची तोंडं बंद करायला आम्ही सेमी-इंग्रजी, म्हणजे नुसतं सेमी लिहितो. ताटात तांबडा आणि पांढरा रस्सा दोन्ही घेणाऱ्या गावाला हे पटवून द्यावं लागत नाही.

सेमी म्हणजे अर्धं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. अर्धं कशाचं, ते कुणी विचारत नाही. कागदावरची व्याख्या सोपी आहे: गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचं मराठीतून. आता गंमत अशी की पहिलीत विज्ञान नावाचा विषयच नसतो. बालभारतीत आपण बघत आलो ते तिसरी ते पाचवी परिसर अभ्यास आणि सहावीला सामान्य विज्ञान. म्हणजे पहिली-दुसरीत सेमीचा सगळा जीव एका गणिताच्या पुस्तकात. इंग्रजी हा विषय तर २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासूनच आहे. त्यामुळं "आमच्याकडं पहिलीपासून इंग्रजी" हा फलक म्हणजे "आमच्या मिसळीला कट असतो" म्हणून केलेली जाहिरात.

आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्ध्या आणि पाऊणचे पाढे तोंडपाठ असायचे. सेमी शाळा मोजायला मला अजून तेच माप बरं वाटतं. पावकी सेमीत पुस्तक इंग्रजी आणि बाई मराठी. पानावर 'ॲड' छापलेलं, तोंडात 'मिळवा'. पालक नाकं मुरडतात, पण पोराला निदान काय मिळवायचं ते कळतं. निमकीत बाई आधी मराठीत समजावतात, मग वस्तू हातात देऊन तेच इंग्रजीत म्हणतात आणि शेवटी पोराकडून बोलवून घेतात. खरं काम हे. याला वेळ दुप्पट लागतो, म्हणून ते फार ठिकाणी होत नाही. पाऊणकीत वर्गात मराठी बोलायला बंदी. पोरगं तोंड मिटून बसतं आणि "शिस्त फार छान हो" म्हणून आम्ही खूश. त्यापलीकडं औटकी, म्हणजे साडेतीन पट: सेमी, शिवाय ॲबॅकस, शिवाय रोबोटिक्स, शिवाय घोडेस्वारी. यातलं साडेतीन पट काय असतं, ते पावती बघून कळतं.

हे माप ऑफिसातल्या सोफ्यावर बसून कळत नाही. ओपन डेला तर मुळीच जाऊ नये, त्या दिवशी शाळेतली झाडंसुद्धा इस्त्री केलेली असतात. साध्या बुधवारी अकराच्या सुमारास जायचं आणि गेल्या वर्षीच्या पहिलीची, ऑगस्टमधली गणिताची वही मागायची. जूनची नको, तेव्हा सगळ्यांचाच उत्साह असतो. पाच वह्या शेजारी ठेवल्या आणि पाचांत तेच उदाहरण, तेच उत्तर, एक खाडाखोड नाही, तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे. वहीत चूक सापडली, चुकीशेजारी बाईंनी गोळे काढून दाखवलेले दिसले आणि पुढच्या पानावर ती चूक कमी झालेली दिसली, तर निम्मा प्रवेश झाला समजा. मग वाचनाची पुस्तकं बघा. कोपरे दुमडलेले, पाठ निखळून चिकटपट्टी लावलेली असेल तर ती वाचली जातात. कपाटाला कुलूप असेल तर ती पाहुण्यांसाठी आहेत. भिंतीवरचे तक्ते साडेपाच फुटांवर असतील, तर ते कुणासाठी लावलेत हे सांगायला नको. संडासाची कडी आणि हात धुवायचा नळ पाच वर्षांच्या हाताला पोचतो का, तेही बघून घ्या. पोचत नसेल तर पोरं दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि डोकं दुखतं म्हणून घरी येतात.

कागदांचं थोडक्यात. पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात. पाच जानेवारीच्या पोराला चार दिवसांसाठी ढकलायचा खटाटोप करू नये, ते वर्ष त्याला खेळायला मिळालं म्हणायचं. शाळेचा अकरा आकडी यू-डायस नंबर, म्हणजे सरकारदरबारची तिची ओळख, विचारा. फलकावर 'सीबीएसई पॅटर्न' असेल तर 'पॅटर्न' हा शब्द मोठ्यानं वाचा. मंडळाची संलग्नता असलेली शाळा स्वतःला पॅटर्न म्हणवत नाही, ती संलग्नता क्रमांक लिहिते. आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घ्यायला शिक्षण हक्क कायद्यात बंदी आहे, पहिल्याच वेळी २५ हजारांपर्यंत दंड. त्यामुळं मुलाखती बंद झाल्या. आता 'इंटरॅक्शन' असतं.

एवढं करून प्रवेश मिळतो आणि मग एका संध्याकाळी घरात एकोणतीस येतो.

मराठी आकड्यांइतका खोडकर प्रकार दुसरा नाही. पोरगं 'पंचवीस' ऐकतं, पाच आधी ऐकू येतो म्हणून पाच आधी लिहितं, झाले ५२. यात त्याचा दोष काही नाही, कानानं सांगितलं तसं हातानं केलं. इंग्रजीत 'ट्वेंटी फाईव्ह' ऐकलं की वीस आधी, तसाच लिहायचा क्रम. म्हणून सेमीतली पोरं मराठी आकडा टाळायला लागतात. पण इंग्रजीही काही साधी नाही: थर्टीन, फोर्टीन, फिफ्टीनमध्ये तीच उलटी चाल, वर 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' मागच्या बाकावरून सारखेच ऐकू येतात. आणि एकोणतीस तर कहरच. नावात तीस, लिहिताना दोन आणि नऊ. एकोणचाळीस, एकोणपन्नास असं एकोणनव्वदपर्यंत सुरळीत चालतं, म्हणून पोरगं पुढं हुशारीनं 'एकोणशंभर' म्हणतं आणि मार खातं, कारण तिथं अचानक नव्व्याण्णव. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असंही वाचायची सोय दिली, तर पार विधानसभेपर्यंत दंगा झाला. दंगा करणाऱ्यांपैकी कितीजण स्वतःचा मोबाईल नंबर मराठीत सांगतात, हा प्रश्न तेव्हा राहून गेला.

यावर औषध आहे आणि ते वीस रुपयांत होतं. खराट्याच्या शंभर काड्या, बोटभर लांबीच्या, आणि दहा रबर. दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या पुढं ठेवायच्या, 'पंचवीस' म्हणायचं, 'ट्वेंटी फाईव्ह' म्हणायचं, आणि लिहिताना आधी गठ्ठे मोजून लिहायचे, मग सुट्या. रोज पाच आकडे पुरेत. सहावा घेतला की पोराला तहान लागते. एकोणवाले सगळे शेवटी, वेगळ्या दिवशी. तीन गठ्ठे ठेवायचे, त्यातल्या एकाचं रबर सोडायचं आणि एक काडी काढून पोराच्या हातात द्यायची. खाली राहिले दोन गठ्ठे आणि नऊ. नाव तिसाचं का आणि लिहायचं दोन-नऊ का, ते त्या काडीत कळतं. सांगून कळत नाही, मोठ्यांनाही.

आकड्यांमागून पाढे येतात. घरात आजोबा "बे एके बे, बे दुणे चार" आणि शाळेत "टू वन झा टू, टू टू झा फोर". हा 'झा' कोण, हे पोरं विचारत नाहीत, कारण शाळेत विचारायच्या गोष्टी वेगळ्या असतात. तो मूळचा 'टू वन्स आर टू'. 'वन्स आर' जिभेवर घसरत घसरत 'वन झा' झाला आणि पुढं सगळ्यांच्या मानगुटीवर बसला. पोराला एकदा "दोन एकदा घेतले तर दोन" असं गोट्या मांडून दाखवलं की झा गेला तरी चालतो. वजाबाकीत तर भाषाच आडवी येते. आठातून तीन गेले तर पाच, हे त्याला झोपेत येतं. पण "हाऊ मेनी आर लेफ्ट?" विचारलं की पोरगं डावा हात वर करतं. गणित चुकलं नाही, शब्द चुकला. वहीत मात्र दोन्हींना एकच लाल फुली.

अक्षरांकडं वळलं की आणखी एक भांडण. मराठी अक्षर वरच्या रेघेला लोंबतं, दोरीवरच्या कपड्यासारखं. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं, कट्ट्यावर बसल्यासारखं, आणि वाय-जीसारखी काही पाय खाली सोडून. दुरेघी आणि चाररेघी वही एकाच संध्याकाळी एकामागून एक पुढं टाकली की इंग्रजी अक्षरं लोंबायला लागतात आणि मराठी बसायला. मध्ये अर्धा तास जाऊ द्यावा, सुरुवातीला तर दिवस बदलावा. अंकांचंही तसंच: मराठी चार हा डोकं उघडं ठेवलेला इंग्रजी आठ आहे, आणि मराठी सहा म्हणजे आरशातला तीन. सहा-सात वर्षांपर्यंत अक्षरं उलटी पडतात, तेवढ्यासाठी डॉक्टरकडं पळू नये. बोटांत जोर नसेल तर पेन्सिलीआधी कणकेचा गोळा द्यावा. भाकरी थापणाऱ्या पोराला पेन्सिल धरायला शिकवावं लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

शिकवायचा क्रम मात्र दोन्हीकडं गमतीनं सारखाच. मराठीत क-ख-ग सोडून 'ग म भ न' पासून सुरुवात करायची चांगली पद्धत आहे. वळणं जवळची, आणि लगेच 'मन', 'नभ', 'गमन' वाचता येतं. फोनिक्सवाले, म्हणजे अक्षरांच्या आवाजावरून इंग्रजी वाचायला शिकवणारे, एबीसी सोडून एस, ए, टी, आय, पी, एन घेतात, तेही त्याचसाठी: सहा आवाजांत सॅट, पिन, टॅप, नॅप तयार. फक्त अक्षराचं नाव आणि आवाज वेगळा, हे आधी सांगावं, नाहीतर डब्ल्यूनं सुरू होणारा शब्द पोरगं 'ड' वर शोधत बसतं. आणि मराठी बोलावं तशी लिहिली जाते, ही फुशारकीही जरा बेतानंच मारावी. एक चमचा आणि दोन चमचे म्हणून बघा, 'च' तोच, आवाज बदलला.

या सगळ्यात एक भाषा कुठल्याच रकान्यात नसते, ती म्हणजे घरातली. पुस्तकात 'आई भाकरी करत आहे', घरात 'आई भाकरी करालीया'. पुस्तकात 'मी गेलो होतो', घरात 'गेलतो'. पुस्तकातली मुलगी 'मी जाते' म्हणते आणि आमच्याकडं आजीपासून नातीपर्यंत सगळ्या 'मी जातो' म्हणतात. म्हणजे द्विभाषिक शाळेत जाणारं आमचं पोर पहिल्या दिवसापासून तीन भाषा सांभाळतं, कार्टूनची हिंदी वेगळी. ती पहिलीपासून पुस्तकात आणायचा आदेश २०२५ च्या एप्रिलमध्ये आला आणि जूनअखेर मागंही गेला. कार्टून कुणाच्या आदेशाची वाट बघत नाही. तर 'गेलतो'ला चूक म्हणू नये. "घरात गेलतो, वहीत गेलो होतो" एवढं सांगितलं की पोरगं दोन्हीकडचे कपडे बरोबर बदलतं. जी बाई 'गेलतो' ऐकून हसत नाही, तिच्या वर्गात पोरं इंग्रजीही बोलतात, कारण तोंड उघडायची भीती मोडलेली असते.

घरी करायचं ते फार नाही. झोपताना पंधरा मिनिटं मोठ्यानं वाचून दाखवणं, ज्या भाषेत आपल्याला हसता-रडता येतं त्या भाषेत. आपल्याच अडखळत्या इंग्रजीत "कम हिअर, ईट युवर भाकरी" करू नये. पोरगं भाकरी खातं आणि इंग्रजी तशीच शिकतं. दप्तर वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे वीस किलोच्या पोराला दोन किलो. त्यातला एक किलो तर आपणच भरलेली लिटरची बाटली. केएमटीच्या बसमधून जाताना पाट्या वाचायच्या, आणि शनिवारी कपिलतीर्थ मंडईत हिशेब पोराला करू द्यायचा.

मंडईत मावशी भाजी पिशवीत टाकतात आणि म्हणतात, "एकोणऐंशी झालं." पोरगं आईकडं बघतं. आईनं क्यूआर स्कॅन केलेला असतो, रक्कम टाकायची असते आणि अंगठा अधांतरी थांबलेला असतो, सहावर की सातवर. मागं रांग वाढते. मावशी एकदा पोराकडं बघतात, एकदा आईकडं, वर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकतात आणि म्हणतात, "सेव्हन्टी नाईन ओ, ताई."